पैनगंगेपलीकडचा विठोबा

यवतमाळ जिल्ह्यातील पाटणबोरी मागे टाकून पैनगंगेचा पूल ओलांडला की राष्ट्रीय महामार्ग 44 तेलंगणात शिरतो आणि पाट्यांची लिपी बदलते. गावांतली बोली मात्र लगेच बदलत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ, बेला, तामसी, भीमपूर, तलमडगू या मंडलांत कुणबी, मराठा, माळी, आंध, महार अशा कितीतरी घरांत आजही मराठी बोलतात. मारुतीच्या पारावर हरिपाठ होतो, लग्नानंतर गोंधळ घातला जातो, पोळ्याला बैल सजतात, आषाढीला पंढरीची वाट धरली जाते. त्याच घरातली मुले शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात आणि कपाटात सातबाऱ्याच्या जागी पट्टादार पासबुक असते.

घरदार सोडून माणसे दुसऱ्या मुलखात वसतात तेव्हा त्यांच्या देवांचे, भजनांचे आणि भुताखेतांच्या गोष्टींचे काय होते? कॅनडातल्या स्कॉटिश वसाहतींबाबत या प्रश्नाचा कसून शोध घेतला गेला. तिथली चर्चे, गेलिक स्तोत्रे आणि अपशकुनाच्या कथा यांवर ग्रंथ झाले. पैनगंगेच्या दक्षिणेला वसलेल्या मराठी घराण्यांच्या वाट्याला एवढे लक्ष आले नाही. जे हाती आहे त्यावरून एवढे दिसते की या लोकांच्या धर्मजीवनाला दोन थर आहेत. पोथी-भजनाचा थर त्यांनी गावाकडून आणला आणि त्याने भाषा राखली. गावदेवांचा थर त्यांना इथल्या जमिनीने दिला आणि त्याने शेजार राखला. तिसरी गोष्ट जमीन मिळाली कशी याची. ती मात्र भजनातही नसते आणि गावदेवाच्या कथेतही नसते.

कोण आले, केव्हा आले

निजामाच्या राज्यात हा मुलूख आधी सिरपूर-तांडूर म्हणून ओळखला जाई. 1905 मध्ये आदिलाबाद मुख्य ठिकाण झाले. निजामाआधी चांद्याच्या गोंड राजांची आणि पुढे नागपूरकर भोसल्यांची सत्ता या भागाने पाहिली होती. मराठी इथे नव्याने आली असे म्हणता येत नाही. जैनथच्या देवळातील शिलालेख परमार राजा जगद्देवाच्या काळचा, म्हणजे सुमारे बाराव्या शतकाच्या आरंभाचा, सूर्याला वंदन करणारा आणि नागरी लिपीतला आहे. आदिलाबादच्या पश्चिम भागात परस्परांशी बोलायची भाषा मराठी आणि पूर्व भागात तेलुगू, ही विभागणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट होती.

शेतकरी मोठ्या संख्येने आले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. रस्ते झाले, मुदखेडहून किनवटमार्गे आदिलाबादपर्यंत रेल्वे आली, कापसाला बाजार मिळाला. वऱ्हाड आणि नांदेडकडच्या कुणबी, माळी, मराठा कुटुंबांनी काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात जमिनी धरल्या. त्यांच्यासोबत महार, मांग, सुतार, लोहार आले. गावगाडाच जणू नदीपार झाला. 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कुटुंबे पुन्हा या डोंगरांकडे सरकली. माणिकगडच्या पठारावरचा, आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला जिवती तालुका त्यांनी भरला.

मधल्या काळात सीमा हलली. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. त्यातला किनवट तालुका नांदेडला जोडला गेला. राजुरा आधी नांदेडला आणि 1959 मध्ये चांद्याला गेला. जिवती आणि तेलंगणातले केरामेरी यांच्या मधली 14 गावे तर दोन्ही राज्यांच्या दाव्यात अडकली आणि तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डे आली. 2016 मध्ये तेलंगणाने जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे केले तेव्हा बासरची सरस्वती निर्मल जिल्ह्यात गेली. एवढ्या फेरबदलांत सोयरिकी आणि कुलदैवते जिथल्या तिथे राहिली. माहूरची रेणुका किनवटच्या पलीकडे महाराष्ट्रात आहे, पण आदिलाबादच्या घरातला गोंधळ तिच्याच नावाने घातला जातो.

अभ्यासाचा हिशेब

या भागाच्या लोकवाङ्मयाच्या अभ्यासाला एका स्कॉटिश धर्मोपदेशकाचा हात लागला, हे वाचकांना नवल वाटेल. स्कॉटलंडमधल्या डन्स गावचे स्टीफन हिस्लॉप 1845 साली फ्री चर्चच्या कामासाठी नागपुरात आले. त्यांनी परधान गायकाकडून गोंडांच्या लिंगोची दीर्घकथा उतरवून घेतली. 1863 मध्ये ते बुडून मरण पावले. 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. गोंड पुराणकथेचा छापील इतिहास तिथून सुरू होतो.

आदिलाबादपुरते बोलायचे तर पहिले नाव ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडोर्फ यांचे. 1940 मध्ये निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कोमराम भीम जोडेघाटला मारले गेले. गोंड का उठले याची चौकशी निजाम सरकारला करावी लागली आणि ती या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आली. ‘ट्रायबल हैदराबाद’ (1945) आणि ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ (1948) ही त्यांची पुस्तके आजही पायाभूत आहेत. मारलावाईला त्यांनी गोंड शिक्षकांचे केंद्र उभे केले आणि गोंडीची क्रमिक पुस्तके देवनागरीत काढली, कारण त्या भागात वाचता येणारी लिपी तीच होती. त्यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी मारलावाईतच आहे.

दुसरे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे, पण वेगळ्या कारणाने. सेतुमाधवराव पगडी म्हटले की शिवकाल आणि फारसी साधने आठवतात. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना त्यांनी आदिलाबादेत काम केले, गोंडी आणि कोलामी शिकले, दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक सिद्ध केले. अलीकडे भंग्या भुक्या यांच्या ‘द रूट्स ऑफ द पेरिफेरी’ (2017) ने दख्खनच्या गोंडांचा राजकीय इतिहास नव्याने मांडला.

या सगळ्या ग्रंथांत मराठी वसाहतकरी दिसतो तो बाहेरून आलेला, जमीन घेणारा म्हणून. त्याच्या घरात काय गायले जाते हा त्यांचा विषय नव्हता. उलट महाराष्ट्रातल्या लोकसाहित्यसंग्राहकांनी आपले काम राज्याच्या सीमेत ठेवले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, हे भारतातले फार मोठे काम आहे. पण ते महाराष्ट्रातल्या खेड्यांचे. गोंडांचा अभ्यासक नदीच्या दक्षिणेला थांबला, ओव्यांचा अभ्यासक उत्तरेला. मधली माणसे दोघांच्याही नजरेतून सुटली.

सप्ताह, प्रार्थना, वंदना

वसाहतीच्या गावात चर्च जे काम करते ते इथे अखंड हरिनाम सप्ताह करतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. म्हणून पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीवर लागते आणि तासातासाला गळ्यातली वीणा एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्या यादीत नाव असणे म्हणजे गावात असणे. कीर्तनकार नांदेड, परभणी किंवा आळंदीकडून बोलावले जातात, आसपासच्या गावांतले टाळकरी आपापले पखवाज घेऊन येतात, आणि शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर गावजेवण होते. लग्ने जुळतात, जुनी भांडणे मिटतात किंवा नवी पेटतात, तेही याच आठवड्यात.

सप्ताहाचे महत्त्व भाषेच्या दृष्टीनेही मोठे आहे. तेलंगण सरकार मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते आणि जिल्ह्यात मराठी शाळा आहेत. पण पुढचे शिक्षण आणि नोकरी तेलुगू-इंग्रजीतच असल्याने पालकांचा ओढा तिकडे आहे. अशा ठिकाणी प्रौढ माणूस वर्षातून एकदा सलग सात दिवस लिखित मराठी वाचतो ती पारायणाच्या निमित्ताने. हरिपाठ पाठ असलेल्या पोराला देवनागरी वाचता येत नसली तरी तेराव्या शतकातली मराठी त्याच्या कानावर असते. आषाढीच्या सुमारास आदिलाबादहून पंढरपूरला खास गाड्या सुटतात; मुंबईहून येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस तर याच स्थानकावरून पुढे जाते. वारीचा मार्ग आणि भाषेचा मार्ग इथे एकच आहे.

विदर्भाकडून आलेला दुसरा प्रवाह तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा. सप्ताहात कीर्तनकार आणि श्रोते वेगळे असतात. सामुदायिक प्रार्थनेत सगळे एका रांगेत बसतात, जात विचारत नाहीत, खंजिरीवर भजन होते आणि ग्रामगीतेतला एखादा विषय, बहुधा दारू, स्वच्छता किंवा हुंडा, चर्चेला घेतला जातो. आश्विनात मोझरीच्या गुरुकुंजात महाराजांना मौन श्रद्धांजली वाहिली जाते तेव्हा नदीपलीकडची मंडळीही तिथे असतात. याच वळणाचे पण आदिवासींमधून उभे राहिलेले केंद्र म्हणजे जैनूर मंडलातले पाटणापूर. तिथल्या फुलाजी बाबांनी ध्यानाचा मार्ग सांगितला आणि दारू-मांस सोडायला लावले. दोन्ही राज्यांतले भक्त तिथे जमतात.

तिसरा प्रवाह आंबेडकरी. 1956 च्या धम्मदीक्षेची लाट नागपूरहून नदीपार गेली आणि महार वस्त्यांत विहारे उभी राहिली. पाली वंदना, मराठी प्रवचन आणि वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली भीमगीते हा तिथला उपासनाक्रम. नेमाने जमणे, एकत्र म्हणणे आणि त्यातून समाजाचे निर्णय घेणे या तिन्ही गोष्टी पाहिल्या तर चर्चच्या सर्वांत जवळ जाणारी संस्था विहारच ठरते. गावगाड्यासोबत खालच्या पायरीवर आलेल्या माणसांनी या मुलखात स्वतःची पायरी स्वतः बांधली, म्हणून कोणत्याही आढाव्यात हा भाग तळटीप म्हणून येऊ नये.

जमिनीने दिलेले देव

विठोबा आणता येतो. गावदेव आणता येत नाही. गावाची शीव, पाणवठा, साथीचे रोग आणि वाघ यांचा कारभार ज्यांच्याकडे असतो ते देव त्या जागेचेच असावे लागतात. वसाहतकऱ्यांनी हे ओळखले. आपला मारुती त्यांनी वेशीवर बसवला, पण माता आधीच तिथे होती. गोंड तिला आवल म्हणतात, तेलुगू शेजारी पोचम्मा, आणि मराठी घरे तिच्यात मरीआई पाहतात. नवस, कोंबडे आणि आषाढ-श्रावणातला नैवेद्य तिघांचाही तिथेच.

पूजेचा मानही बहुधा जुन्या रहिवाशांकडे राहिला. कोलाम हे इथले सर्वांत जुने रहिवासी आणि जागेच्या देवांशी बोलणे त्यांनाच जमते, अशी गोंडांची धारणा हाइमेनडोर्फ यांनी नोंदवली आहे. यवतमाळच्या बाजूलाही गाव बांधण्याचा विधी कोलामाच्या हातून करून घेण्याची रीत आहे. पिकांवर रोग, जनावरांना साथ किंवा शिवारात वाघ आला की पाटील, सावकार आणि सरपंच सगळे कोलाम पुजाऱ्यापुढे बसतात. शेताचा मालक कोणीही असो, शिवेचा धनी तो असतो. वाघाचा धाकही कथेपुरता उरलेला नाही. टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून आजही भीमपूर, तामसीच्या कापसात शिरतात आणि वाघोबाच्या दगडाला शेंदूर लागत राहतो.

देवाणघेवाणीचा सर्वांत विलक्षण नमुना म्हणजे परधान. गोंडांचे हे वंशपरंपरागत गायक. कुळदेवाच्या, म्हणजे पेरसा पेनच्या, पूजेला तीन तारांची किकरी छातीशी धरून, घोड्याच्या केसांचा गज फिरवत, ते कुळाची उत्पत्तिकथा गोंडीत गातात. पण आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी आहे. म्हणजे गोंडांचे पवित्र वाङ्मय शतकानुशतके ज्यांच्या स्मरणात राहिले ते घरी लेकराशी मराठीत बोलत होते. मराठी-गोंडी संबंधांवर लिहिणाऱ्याने सुरुवात इथून करायला हवी.

बायकांचे जग आणखी वेगळे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वैदर्भी मुली भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. त्याच पंधरवड्यांत, सर्वपित्री अमावस्येपासून तेलुगू बायका तरवड आणि कुरडूच्या फुलांची बतुकम्मा ताटात रचून तिच्याभोवती फेर धरतात. एकाच गल्लीत दोन खेळ रंगले की मुली दोन्हींकडे असणार. दोन्ही गाण्यांत माहेर आहे, सासर आहे, भावाची वाट पाहणे आहे. कोणती चाल कुठून कुठे गेली हे कोणी एखाद्या गावात बसून पाहिले तर मोठे काम होईल.

पौष अमावस्येला इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळाचे लोक जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूहून गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी भेट घडवतात, आणि 1940 च्या दशकात हाइमेनडोर्फ यांच्या पुढाकाराने सुरू झालेला दरबार आजही भरतो. अधिकारी तिथे तक्रारी ऐकतात. मराठी माणूस या जत्रेत दुकानदार, पाहुणा आणि नवस बोलणारा म्हणून असतो, यजमान म्हणून नसतो. हा भेद जपला जातो हेच बरे.

केप ब्रेटनचा दाखला

नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या केप ब्रेटन बेटावर हायलँडमधले स्कॉटिश शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या संख्येने वसले. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये एक जण गेलिक स्तोत्राची ओळ म्हणे आणि मंडळी ती लांबवून उचलत. वर्षातून एकदा गुरुवार ते सोमवार असा उघड्यावर प्रभुभोजनाचा सोहळा होई; दूरदूरची माणसे येत, घरे पाहुण्यांनी भरत. आपला सप्ताह पाहिलेल्या माणसाला यात काही परके वाटणार नाही. याच धर्मभीरू घरांत मरणाआधी दिसणारे दिवे आणि शवपेटीच्या फळ्यांची आगाऊ ऐकू येणारी ठकठक यांच्या गोष्टी शेकोटीभोवती सांगितल्या जात.

तिकडे संग्राहक वेळेवर पोचले. हेलन क्रेटन यांनी 1928 पासून नोव्हा स्कोशियात गाणी आणि भुतांच्या कथा जमवल्या. जॉन लॉर्न कॅम्पबेल यांनी 1937 मध्ये ध्वनिमुद्रण यंत्र नेऊन गेलिक गाणी टिपली. चार्ल्स डन यांचे ‘हायलँड सेटलर’ 1953 मध्ये आले. तरीही बोलती गेलिक आटत गेली. शाळेची भाषा इंग्रजी होतीच. चर्चही इंग्रजीकडे वळल्यावर भाषेला घराबाहेर जागा उरली नाही. उपासनेची भाषा टिकते तोवर बोली तग धरते आणि ती सुटली की दोन पिढ्यांत सारे आटपते, हा केप ब्रेटनचा धडा. आदिलाबादेत अजून कीर्तन मराठीत होते, म्हणून इथे वेळ आहे.

त्या संग्रहांची मर्यादाही ध्यानात घ्यावी. 1819 मध्ये नोव्हा स्कोशियात गेलेला कवी जॉन मॅक्लीन उदास अरण्यावर गाणे रचतो. त्या अरण्यात मिकमाक लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते. वसणाऱ्याच्या लोककथेत जंगल नेहमी रिकामे असते.

न सांगितली जाणारी गोष्ट

आदिलाबादेतही हेच. आजोबा बैलजोडी घेऊन आले, जंगल तोडले, वाघाशी झगडले आणि शेत केले, हा घराण्याच्या कथेचा ठरलेला साचा. ती कथा खोटी नाही. कष्ट खरे होते. पण हाइमेनडोर्फ यांचे अहवाल शेजारी ठेवले की तिचा दुसरा अर्धा भाग दिसतो. फिरती शेती करणाऱ्या गोंडांकडे कागद नव्हता, राखीव जंगलाच्या रेषेने त्यांची पडीक राने गिळली, आणि ज्याला कचेरी, कर्ज आणि पट्टा कळत होता त्याच्या नावावर काळी माती गेली. त्यात मराठी होते, तेलुगू होते, मुसलमान आणि हैदराबादचे जमीनदारही होते. पुढे संरक्षक कायदे झाले. लोक ज्याला ‘वन सेवंटी’ म्हणतात त्या 1970 च्या नियमाने अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासींना जमीन घेण्यास मनाई केली. तरी 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला आणि सरकारी आकड्यानुसार 13 जण मेले.

आजचा ताणही याच मुळाचा आहे. लंबाडा (बंजारा) तेलंगणात अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत. त्यामुळे सीमापारच्या स्थलांतरावर गोंडांचा राग आहे. माळी समाजाला जमातीचा दर्जा द्यावा अशी शिफारस तेलंगण विधानसभेने 2023 मध्ये केली, तीही आदिवासी संघटनांना खुपली. अशा वातावरणात ‘मराठी संस्कृतीचे जतन’ एवढाच झेंडा घेऊन कोणी गावात गेला तर तो अर्धीच गोष्ट घेऊन परतेल.

म्हणून या विषयात पुढचे काम दोन्ही बाजूंनी व्हायला हवे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरच्या महाविद्यालयांतले मराठीचे अध्यापक आणि आदिलाबादचे गोंडी-कोलामी जाणणारे तरुण शिक्षक यांनी मिळून एक मंडल निवडावे. भजनी मंडळांच्या वह्या, सप्ताहांच्या पहारा-याद्या, भुलाबाईची गाणी, घराणे कसे आले त्याच्या कथा आणि त्याच शिवाराबद्दल परधान-कोलामांनी सांगितलेल्या कथा एका पुस्तकात शेजारी शेजारी छापाव्यात. जात्यावर दळलेल्या शेवटच्या पिढीच्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा विद्यापीठाच्या अनुदानाची वाट न पाहता, ज्यांचे नातेवाईक नदीपलीकडे आहेत अशा वाचकांनी येत्या सप्ताहाला जाताना फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू करावे, आणि गावच्या कोलाम पुजाऱ्याचे म्हणणे त्यात आवर्जून घ्यावे.